रॅक आधी, स्टीयरिंग मग, चाकं सर्वांत शेवटी

चिपळूणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०११ ची अल्टो आहे, साध्या स्टीयरिंगची, पॉवर नसलेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका गॅरेजात रॅक, म्हणजे स्टीयरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा, बदलून घेतला आणि लगेच दुसरीकडे कॉम्प्युटर अलाइनमेंट केलं. कागदावरचे सगळे आकडे हिरव्या रंगात आले. स्टीयरिंग सरळ आहे, गाडीही सरळ जाते. तरी कुंभार्ली घाटात उजवीकडचं वळण अलगद बसतं आणि डावीकडच्या वळणाला गाडी बाहेर जाते. घरासमोर उजवीकडून यू-टर्न एका दमात होतो, डावीकडून रिव्हर्स घ्यावा लागतो. उजवीकडे पूर्ण लॉक मारला की टायर कुठेतरी घासतो. खड्ड्यातून जाताना स्टीयरिंगला हिसका बसतो. अलाइनमेंटवाले म्हणतात, यात काहीच दोष नाही. हे घरी नीट करता येईल का?

येईल. एक अख्खा रविवार लागेल, पण येईल. फक्त सुरुवात चाकांपासून करू नका. अलाइनमेंटवाला खोटं बोलत नाही, त्याच्या यंत्राला दिसतं तेवढं तो सांगतोय. यंत्र चाकांकडे बघतं. रॅक त्याच्या नळीत कुठे उभा आहे, हे त्याला दिसत नाही. तुमची गाडी सरळ जात असते तेव्हा रॅक मध्यावर नसतो, सगळं दुखणं तिथे आहे.

हे कसं झालं असेल ते सांगतो, कारण अशा गाड्या माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतात. रॅक म्हणजे दाते पाडलेला एक दांडा. स्टीयरिंगच्या टोकाचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरला की हा दांडा डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन टाय रॉडांच्या मार्फत चाकं वळवतो. नवा रॅक खोक्यातून निघतो तेव्हा तो मध्यावर असेलच असं नाही, हाताळताना सरकतो. मिस्त्रीने वर स्टीयरिंग सरळ धरलं, खाली स्टीयरिंगच्या दांड्याचा जॉइंट पिनियनवर बसवला, बोल्ट आवळला. रॅक मध्यापासून सेंटिमीटरभर बाजूला होता, ते कोणी पाहिलं नाही. गाडी बाहेर काढली तर स्टीयरिंग वाकडं. मग अलाइनमेंटवाल्याने एक टाय रॉड लांब केला, दुसरा आखूड केला आणि स्टीयरिंग सरळ करून दिलं. एका चुकीवर दुसरी चूक चढवली आणि दोन्ही मिळून बरोबर दिसू लागल्या. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणावर मात्र लगेच कळतं.

आधी खात्री करून घ्या. पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर नाही आणि विटांवर तर कधीच नाही, वीट न सांगता फुटते. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर लावा. चाकं सरळ करून स्टीयरिंगच्या रिंगवर अगदी वर कागदी टेप लावा. आता उजवीकडे अडेपर्यंत फिरवा, किती फेरे आणि वर किती अंश झाले ते लिहा. परत सरळ आणा आणि डावीकडचं मोजा. मार देऊन फिरवायचं नाही, हलक्या हाताने शेवटाला टेकवायचं.

समजा उजवीकडे ७०० अंश आले, म्हणजे एक फेरा आणि वर ३४०. डावीकडे ५२० आले, म्हणजे एक फेरा आणि १६०. एकूण १२२०, त्याचं निम्मं ६१०. म्हणजे तुमचा रॅक ९० अंशांनी, पाव फेऱ्याने चुकलाय. रॅकचा एकूण प्रवास १३० मिलिमीटर धरला तर हे अंतर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास जातं. दोन्हीकडच्या आकड्यांतला फरक दहा-पंधरा अंशांच्या आत असेल तर माझं निदान चुकलं म्हणायचं आणि वाकलेल्या लोअर आर्मकडे (चाकाला खालून धरणारा हात) किंवा नकलकडे (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग) बघायचं. पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तसं वाटत नाही.

दुसरी खूण गाडीखाली आहे. टाय रॉड जिथे टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे चाकाकडच्या टोकाच्या सांध्यात, शिरतो तिथे त्याची लांबी पक्की धरणाऱ्या चेक नटाच्या मागे उघडे आटे दिसतात. दोन्हीकडचे मोजा. अल्टोसारख्या गाडीत, जिथे इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना असते, तिथे रॅक सहसा पुढच्या ॲक्सलच्या मागे असतो. उजवीकडे वळताना तो डावीकडे सरकतो. तुमच्याकडे उजवीकडचा प्रवास जास्त शिल्लक आहे, म्हणजे गाडी सरळ असताना रॅक उजवीकडे सरकून बसलाय. मग डावा टाय रॉड लांब आणि उजवा आखूड असणार, डावीकडे आटे जास्त उघडे दिसणार. तसंच दिसलं तर पुढे वाचा.

सरळ जाताना त्रास नाही, मग एवढी यातायात कशाला, असं मला गिऱ्हाईक विचारतं. कारण दोन आहेत आणि दोन्ही सुरक्षेचे आहेत.

पहिलं वळणाचं. गाडी वळते तेव्हा आतलं चाक लहान वर्तुळावरून जातं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून आतलं चाक जास्त वळावं लागतं. ही रचना घोडागाड्यांच्या काळातली आहे. म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्याने ती काढली आणि रुडॉल्फ ॲकरमनने १८१८ साली लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं, म्हणून नाव ॲकरमनचं राहिलं. आपल्या गाडीत हा फरक स्टीयरिंग आर्मच्या, म्हणजे नकलच्या ज्या हाताला टाय रॉड जोडतो त्याच्या, तिरकेपणातून आणि टाय रॉड त्याला कोणत्या कोनात भेटतो यातून मिळतो. एक टाय रॉड लांब, एक आखूड झाला की दोन्हीकडचे कोन बदलतात. उजवीकडचं वळण एका भूमितीवर आणि डावीकडचं दुसऱ्याच भूमितीवर चालतं. शिवाय ज्या बाजूला प्रवास जास्त उरतो तिथे चाक ठरवल्यापेक्षा जास्त वळतं, टायर आतून घासतो आणि इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटला नेहमीपेक्षा मोठ्या कोनात काम करावं लागतं. तुमचा घासल्याचा आवाज तिथलाच.

दुसरं खड्ड्याचं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. चाक वर-खाली होतं तेव्हा लोअर आर्म एका कंसात फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या कंसात. गाडी बनवणाऱ्यांनी हे दोन्ही कंस एकमेकांशी जुळवलेले असतात, म्हणून खड्ड्यात चाक उडालं तरी त्याची दिशा फारशी बदलत नाही. टाय रॉडचा आतला सांधा साडेनऊ मिलिमीटर एका बाजूला गेला की ही जुळणी मोडते. मग प्रत्येक खड्ड्यात डावं आणि उजवं चाक वेगवेगळ्या प्रमाणात स्वतःहून वळतात. तोच तुमचा हिसका. घाटात ओल्या रस्त्यावर, समोरून ट्रक येत असताना, हा हिसका मला नको आहे.

आता कामाला लागू. रॅकला हात लावण्यापूर्वी बाकीचे सांधे तपासा. सैल सांध्यांवर केलेलं माप दुसऱ्या दिवशी टिकत नाही. चाक वर उचललेलं असताना घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (रॅक आणि टाय रॉडमधला सांधा) गेला असेल तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, तिथे जाणवतो. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. तिथे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बोलतो. लोअर आर्मच्या बुशात पहार अडकवून हलकेच दाबून बघा, रबर फाटलं असेल तर दिसतं. रॅकचे दोन्ही रबरी बूट फाटलेले नाहीत ना, रॅक ज्या क्लॅम्पांनी बॉडीला धरलाय ते घट्ट आहेत ना, हेही बघा. नुकताच बदललेला रॅक असल्याने क्लॅम्पचे बोल्ट मी आवर्जून तपासतो. टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा, थंड टायरमध्ये.

रॅकचा मध्य काढताना फेरे मोजणं हा अंदाज आहे. खरं माप रॅकवरच घ्यायचं. एका बाजूच्या बुटाची क्लिप सोडा, बूट मागे सारा. आत रॅकचा चकचकीत दांडा आणि टोकाला रॅक एंडचा गोल सांधा दिसेल. स्टीयरिंग एका टोकाला टेकवून नळीच्या कडेपासून त्या सांध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने किंवा स्टीलपट्टीने मोजा. मग दुसऱ्या टोकाला टेकवून त्याच जागी, त्याच बाजूला मोजा. समजा १२ आणि १४२ मिलिमीटर आले. बेरीज १५४, निम्मं ७७. स्टीयरिंग फिरवत तेच अंतर ७७ वर आणा. हा तुमच्या रॅकचा मध्य.

बरेच जण डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर सारखं करतात. नळी दोन्हीकडे सारखी असेल तर ते चालतं, पण सगळ्या रॅकची नळी तशी नसते. एकाच बाजूची दोन मापं घेऊन निम्मं केलं की नळी कशीही असो, उत्तर चुकत नाही. आणखी एक काळजी घ्या. तुमच्या गाडीत उजवीकडे टायर घासतोय, म्हणजे कदाचित रॅक संपायच्या आधीच चाक कुठेतरी अडत असेल. शेवटी ठक्क असा कडक आवाज रॅकच्या आतून यायला हवा. शंका असेल तर दोन्ही टाय रॉड एंड नकलपासून सोडवा आणि मग रॅकचा प्रवास मोजा. सोडवताना नटावर हातोडा मारू नका. पुलर लावा, किंवा नकलच्या कानावर बाजूने दोन नेमके ठोके द्या. एंडचा बूट फाटला तर नवा एंड घ्यावा लागेल.

मध्यावर आल्यावर पिनियनवर आणि नळीवर समोरासमोर रंगाचा ठिपका द्या. आता वर बघा. हिशेबाप्रमाणे स्टीयरिंग ९० अंश उजवीकडे फिरलेलं दिसेल. इथे मोह होतो वरचा नट सोडून स्टीयरिंग उचलून सरळ बसवायचा. तसं करू नका. चूक जिथे झाली तिथेच सोडवायची, म्हणजे खाली जॉइंटला. जॉइंटचा बोल्ट पूर्ण काढा, जॉइंट पिनियनवरून वर सरकवा, स्टीयरिंग ९० अंश परत फिरवून सरळ करा आणि रॅक न हलवता जॉइंट पुन्हा बसवा. पिनियनवर जॉइंट बसतो तिथले दाते ३६ असतील तर एका दाताला १० अंश, म्हणजे नऊ दाते. हा बोल्ट पिनियनच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे. खाच चुकली तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो आणि एके दिवशी जॉइंट वर निसटतो. आरशाने बघा, टॉर्चने बघा, मुलाला बघायला सांगा, पण बघाच. काही गाड्यांत पिनियनला एकच सपाट खाच असते, तिथे जॉइंट चुकीचा बसूच शकत नाही. तसं निघालं तर चूक वरच्या स्टीयरिंगपाशी झालेली आहे आणि तिथेच स्टीयरिंग दात्यांवर फिरवून नव्याने बसवावं लागेल. तेव्हा वरचा नट पूर्ण काढू नका, चार आटे ठेवून मग स्टीयरिंग ओढा, नाहीतर ते सुटून थेट तोंडावर येतं.

एअरबॅगवाल्या गाडीसाठी दोन वाक्यं, कारण जुलै २०१९ पासून आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे आणि हे वाचणाऱ्या अनेकांकडे तशीच गाडी असेल. स्टीयरिंगच्या मागे एअरबॅगची गुंडाळलेली पट्टीची वायर असते. जॉइंट सुटलेला असताना स्टीयरिंग मोकळं गरगर फिरलं तर ती तुटते आणि एअरबॅग निकामी होते. म्हणून जॉइंट सोडण्याआधी बॅटरी काढा, थोडा वेळ जाऊ द्या आणि स्टीयरिंग दोरीने सीटला बांधून ठेवा. ज्या गाडीत स्टीयरिंग अँगल सेन्सर आहे, तिथे नंतर स्कॅनर लावून शून्य शिकवावं लागतं. ते काम वर्कशॉपचं.

आता टाय रॉड. चेक नटाला आधी वायर ब्रश मारा आणि आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. कोकणात हा नट सहजासहजी सुटत नाही, खारी हवा लागलेली असते. टाय रॉड एंड एका पान्याने धरा, चेक नट दुसऱ्याने सोडा. बुटाची बाहेरची क्लिप ढिली करून आत बोटभर ग्रीस लावा, म्हणजे टाय रॉड फिरताना बूट पिळला जाणार नाही. मग टाय रॉड फिरवून दोन्हीकडची लांबी सारखी करा. ती रॅक एंडच्या सांध्यापासून टाय रॉड एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंत मोजायची. आट्यांचा पिच दीड मिलिमीटर धरला तर डावीकडे साधारण सहा-साडेसहा फेरे आखूड आणि उजवीकडे तेवढेच लांब करावे लागतील. ही फक्त सुरुवात. गाडी आता मोजण्यालायक झाली.

टो, म्हणजे वरून बघितल्यावर चाक आत किंवा बाहेर किती रोखलेलं आहे ते, मोजायला मला दोरी आवडते. मी शिकलो तेव्हा आमच्या उस्तादांकडे यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे गवंड्याची लाइनदोरी होती, एक ओळंबा होता आणि पाण्याचा लेव्हल पाइप. गवंडी भिंत सरळ उभी करतो तेच इथे करायचं, फरक इतकाच की भिंतीऐवजी चाक आहे. संगणक आल्यावरही त्यांनी दोरी सोडली नाही. यंत्रावर शंका आली की ते दोरी ताणून बघत, आणि मीही बघतो.

जागा सपाट हवी. चारही चाकांखालची फरशी लेव्हल पाइपने तपासा; जिथे खाली असेल तिथे पातळ टाइल घाला. पुढच्या प्रत्येक चाकाखाली दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस, असा जोड ठेवा. त्यावर चाक मोकळेपणाने सरकतं आणि टो बदलल्यावर रबर पिळून खोटं माप देत नाही. मागेही तेवढ्याच जाडीच्या टाइल्स ठेवा, म्हणजे गाडी एका पातळीत राहील. जॅक काढल्यावर पुढून चार-पाच वेळा दाबून गाडी हलवा. सस्पेन्शन लोंबकळून वर राहिलेलं असतं, ते जागेवर बसू द्या. मी सुरुवातीला हे विसरायचो आणि दोन तासांचं काम पुन्हा करायचो.

गाडीच्या पुढे आणि मागे दोन सरळ चौकोनी पाइप आडवे ठेवा, स्टँडवर, हबच्या मध्याच्या उंचीला. दोन्ही पाइपांवर सारख्याच अंतरावर खाचा पाडा. त्यांतून दोन दोऱ्या ताणा, एक डावीकडून, एक उजवीकडून. खाचांचं अंतर सारखं असल्याने दोऱ्या समांतर राहतात. दोरी चाकाला कुठेही टेकू नये. आता पाइप डावे-उजवे सरकवा, मागच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर सारखं होईपर्यंत, आणि पुढच्या दोन्ही हबपासूनही सारखं होईपर्यंत. मागचं अंतर पुढच्याइतकंच यायला हवं असं नाही. पुढची आणि मागची रुंदी गाडीत वेगळी असते. इथे बरेच जण फसतात.

आणि आता, पुढच्या चाकाकडे बघण्याआधी, मागची चाकं. गाडी कुठे जाणार हे मागचा ॲक्सल ठरवतो. पुढची चाकं त्याच्याशी जुळवून घेतात. प्रत्येक मागच्या रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्या, हबच्या उंचीवर. समजा डावं मागचं चाक पुढच्या कडेला २ मिलिमीटर आत आहे आणि उजवं २ मिलिमीटर बाहेर. म्हणजे दोन्ही चाकं उजवीकडे रोखलेली आहेत, ॲक्सल किंचित तिरका बसलाय आणि गाडी खेकड्यासारखी थोडी आडवी चालते. अल्टोचा मागचा ॲक्सल अखंड आहे, त्याचा टो बदलता येत नाही. अशा वेळी दोरीच त्याच्याशी जुळवा. पुढचा पाइप उजवीकडे सरकवा, मागच्या दोन्ही चाकांचे आकडे सारखे येईपर्यंत. आता दोरी गाडीच्या खऱ्या वाटेला समांतर झाली. मिलिमीटरभर फरक असेल तर सोडून द्या. तीन-चारच्या पुढे गेला तर मागचा ॲक्सल धरणाऱ्या ट्रेलिंग लिंकचे बुश किंवा जुना अपघात शोधा, दोरी त्याला उपाय नाही.

मग पुढची चाकं. स्टीयरिंग सरळ ठेवून लाकडी फळीने आणि दोरीने सीटला पक्कं बांधा. स्टीयरिंग लॉकवर विसंबू नका, तो बरोबर मध्यावर बसेलच असं नाही. चाकाची पुढची कड दोरीपासून मागच्या कडेपेक्षा लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. समजा डावीकडे पुढे १५२ आणि मागे १४९ आले, म्हणजे ३ टो-इन. उजवीकडे पुढे १४८, मागे १५०, म्हणजे २ टो-आउट. एकूण बेरीज १ मिलिमीटर टो-इन, अगदी छान. पण दोन्ही चाकं उजवीकडे बघताहेत. गाडी रस्त्यावर सरळ धरली की स्टीयरिंग डावीकडे कललेलं राहील. नुसतं एकूण टो मोजणाऱ्याला हे दिसत नाही. प्रत्येक चाक वेगळं मोजण्याचा फायदा तो हाच.

इथे प्रत्येक चाक अर्धा मिलिमीटर टो-इनवर आणायचं. डावीकडचं अडीचने कमी, उजवीकडचं अडीचने वाढवायचं. रॅक ॲक्सलच्या मागे असल्याने टाय रॉड लांब केला की टो-इन वाढतो, आखूड केला की कमी होतो. रॅक पुढे असलेल्या गाडीत याच्या उलट, तेव्हा आधी खाली वाकून बघा. किती फिरवायचं तेही हिशेबाने काढता येतं. आट्याचा पिच दीड मिलिमीटर आणि स्टीयरिंग आर्म १३ सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्याला चाक साधारण ०.६६ अंश वळतं. १२ इंची रिमच्या कडेवर, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या आसपास, ते जवळजवळ चार मिलिमीटर होतात. अडीचसाठी दोन तृतीयांश फेरा. डावा तेवढा आखूड, उजवा तेवढा लांब. पुन्हा मोजा. माझा नियम असा की तीनदा मोजून तिन्ही मापं अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली तरच पाना उचलायचा.

टोचा नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तो हाताशी नसेल तर अशा छोट्या गाड्या मी शून्य ते २ मिलिमीटर एकूण टो-इनमध्ये ठेवतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण एकूण ४ मिलिमीटर चूक, म्हणजे प्रत्येक चाकाला २, हिशेबाने चाकाला दर किलोमीटरला जवळजवळ सहा मीटर आडवं ओढते. टायर आतून किंवा बाहेरून खातोय असं आपण म्हणतो, ते असं खातो. अलाइनमेंटच्या कागदावर टो अंशात आणि मिनिटांत असतो; तुमच्या रिमवर एक मिलिमीटर म्हणजे साधारण दहा मिनिटं, एवढं लक्षात ठेवलं की कागद वाचता येतो.

चेक नट आवळताना टाय रॉड एंड धरून ठेवा, तो तिरका फिरला तर बॉल एका बाजूला टेकून लवकर जातो. नकलवरचा खाचांचा नट आवळून भोक जुळत नसेल तर पुढे आवळा, मागे कधीच घेऊ नका. स्प्लिट पिन दर वेळी नवी. बुटाच्या क्लिपा परत लावा. शेवटी पुन्हा एकदा मोजा, कारण चेक नट आवळताना माप हलतं.

चाचणीला गाडी नेताना आपल्या रस्त्यांचा उतार ध्यानात ठेवा. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून कोणतीही गाडी हळूहळू डावीकडे सरकते. ते ओढणं नव्हे. मोकळ्या, सपाट जागी दोन्ही दिशांना चालवून बघा. तरीही एका बाजूला ओढत असेल तर टोला हात लावू नका, पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा. तशीच राहिली तर ब्रेक, कॅम्बर (चाकाचा उभ्यातला तिरकेपणा) किंवा वाकलेला भाग. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल) घरी मोजायच्या फंदात पडू नका, अल्टोत पुढचा कॅम्बर बदलायची सोयही नाही. तो चुकला असेल तर काहीतरी वाकलंय आणि ते यंत्रावरच कळेल. मग अलाइनमेंटवाल्याकडे जाताना त्याला आधीच सांगा, रॅक मध्यावर आणलेला आहे, स्टीयरिंग उचलायचं नाही, आधीचा आणि नंतरचा दोन्ही कागद द्या. चांगला कारागीर हे ऐकून रागावत नाही.

पाचशे किलोमीटरनंतर चेक नट पुन्हा पान्याने तपासा आणि पुढच्या टायरवरून हात फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलाय.

काम सुरू करण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी कळवा: स्टीयरिंगचे डावीकडचे आणि उजवीकडचे अंश, आणि दोन्ही टाय रॉडांवरच्या उघड्या आट्यांची संख्या. जमलं तर जॉइंटच्या बोल्टचा फोटोही पाठवा. खाच नीट बसली आहे की नाही हे मला आधी बघायचं आहे. ते दिसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.